तारखेपुढची चौदा टिंबं

'दिनांक' या शब्दापुढे चौदा टिंबं होती. क्षमाने ती दोनदा मोजली. पहिल्यांदा पेन्सिलीचं टोक कागदाला न टेकवता, दुसऱ्यांदा नुसत्या डोळ्यांनी. बाकी पत्रात कुठेही मोकळी जागा नव्हती. तिचं पूर्ण नाव होतं, वय होतं, बोरशिंगे नगरपंचायतीचं नाव होतं आणि खाली एकच वाक्य: वैयक्तिक कारणास्तव मी नगराध्यक्षपदाचा राजीनामा स्वखुशीने देत आहे, तो मंजूर व्हावा. सहीची जागा तळापासून साधारण चार सेंटिमीटर वर, उजव्या हाताला.

ज्या पदाचा राजीनामा होता ते पद तिच्याकडे नव्हतं. त्या पदासाठीचा अर्जसुद्धा अजून भरायचा होता. अर्जाची मुदत उद्या दुपारी तीनला संपत होती.

"बघताय काय एवढं?" भाऊसो म्हणाले. "ढोलाचं कातडं तपासल्यागत."

"तारीख नाहीये."

"ती मागनं पडती."

"मागनं म्हणजे कधी?"

"पडायची तवा पडंल. न्हाईतर कवाच पडणार न्हाई. आवं, विश्वासाचा कागद हाय ह्यो. पक्षाच्या हंबीररावांनी तालुक्यात सगळ्या उमेदवारांकडनं घेतलाय. तुमची सही झाली की पक्षाचा एबी फॉर्म आपल्या हातात. मग तुमी अधिकृत उमेदवार."

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाऊसोंच्या बँडचा सराव चालला होता. तुळशीची लग्नं होऊन गेली होती आणि लग्नांची पहिली मोठी तिथ आठवड्यावर आली होती. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती आणि दर वेळी ट्रम्पेट एकाच जागी घसरत होता. क्षमाला आता तो घसरण्याआधीच कळायला लागलं होतं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"अकरा दिवस झालं तुमचं उद्या न् बघू चाललंय. हिशेबाला बसला की एवढा वेळ लावत न्हाई तुमी."

हे खरं होतं. अकरा दिवसांपूर्वी भाऊसोंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाही ती 'बघू' म्हणाली होती. नगराध्यक्षपद महिलांसाठी राखीव झालं त्या दिवशी भाऊसोंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पाच वर्षं त्यांनी या निवडणुकीची तयारी केली होती. गावात एक लग्न असं नव्हतं की ज्याच्या परण्याच्या मिरवणुकीत ते स्वतः पुढे चालले नाहीत. मग त्यांनी बायकोला, लीलाबाईंना विचारलं. "चौकात माझा फोटू लागला त्या दिवशी मी माहेराला," लीलाबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. सून शिवांजली तयार होती, पण तिला तीन मुलं, आणि तिसरं कायद्यात बसत नव्हतं. "एका पोरापायी नगरपंचायत गेली," असं भाऊसो त्या नातवाला मांडीवर घेऊन चारचौघांत म्हणत. त्यानंतर त्यांचं लक्ष टेबलापलीकडे बसलेल्या क्षमाकडे गेलं.

चौदा वर्षांपूर्वी ती या टेबलाशी पहिल्यांदा बसली तेव्हा फक्त बँडची कर-विवरणपत्रं भरून देणार होती. सांगलीत वाढलेली, लग्न होऊन बोरशिंग्याला आलेली, घरच्या पुढच्या खोलीत अकाउंटंट म्हणून पाटी लावलेली. भाऊसोंनी एक पिशवी आणून रिकामी केली. त्यात 'ढोल एक, ढोल दोन, कलाट मोठा, कलाट धाकटा' अशा चिठ्ठ्या होत्या. कलाट म्हणजे क्लॅरिनेट, हे तिला विचारावं लागलं. "यांना नावं नाहीत का?" तिने विचारलं होतं. "हायत की," भाऊसो म्हणाले, "पर वाजवताना कोण बघतंय?"

तिने एकतीस जणांची नावं लिहून घेतली. तिथून सगळं सुरू झालं. नावं झाल्यावर आधार, रेशनकार्ड, आरोग्य योजनेचं कार्ड, म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनाचे अर्ज. मुहूर्ताच्या वेळा तीच पाठ करायची, म्हणून बुकिंगचे फोनही तिच्याकडे आले. गाडी किती वाजता निघाली तर कराडच्या पुलावर अडकत नाही, हे तिने एक हंगामभर टिपून काढलं. भाऊसोंचा बँड वेळेवर येतो, ही ख्याती साताऱ्यापासून मिरजेपर्यंत झाली ती त्या वहीमुळे. मग सजवलेली गाडी आली, गायिका आली, हळदीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग आलं. टाळेबंदीत दोन हंगाम बुडाले तेव्हा ती एकतीस जणांची यादी घेऊन तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसली आणि धान्य घेऊनच उठली. त्यानंतर बँडशी संबंध नसलेली माणसंही दारात येऊ लागली. बाई, एवढा अर्ज लिहून द्या.

नगरपंचायतीत अर्ज दिला की तिथे पोच मिळत नसे. 'ठेवा तिथं' म्हणत. कागद कधी आला याची कुठे नोंद नाही, म्हणून किती दिवस पडून आहे याचीही नाही. क्षमाला नगराध्यक्ष व्हायचं होतं ते त्यासाठी. प्रत्येक कागदावर आल्या दिवशी तारखेचा शिक्का पडला पाहिजे. हे ती कुणाला सांगत नसे, कारण सांगितल्यावर ते फार लहान वाटायचं. पण तिला ते हवं होतं, आणि हवं आहे हे कळल्यापासून तिची झोप उडाली होती.

तिने राजीनाम्याचं पत्र पारदर्शक फोल्डरमध्ये घातलं आणि घरी आली.

तिचा नवरा राजस साताऱ्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होता, शनिवार-रविवार यायचा. जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला फोन लावला.

"नाही म्हण ना सरळ," तो म्हणाला.

"नाही म्हटलं तर फॉर्म नाही. फॉर्म नाही तर निवडून येणं नाही."

"मग हो म्हण."

"हो म्हटलं तर मी निवडून येईन, आणि मग ते म्हणतील ते करीन. नाही केलं तर तारीख घालतील."

"तिसरं काही?"

"अपक्ष."

पलीकडे काचेची भांडी ठेवल्याचा आवाज झाला. "भाऊसोंचं काम जाईल. त्यांच्यामागून तालुक्यातली बाकीची कामंही जातील."

"हो."

"तुझा आवाज नेहमीपेक्षा वर लागलाय," राजस म्हणाला. "पाणी पी. आणि संध्याकाळी परत फोन कर."

ती पाणी प्यायली नाही. तिने कपाट उघडलं.

खालच्या खणात हिरवी फाइल होती. तिच्यात कोरे कागद होते आणि प्रत्येकाच्या तळाशी उजवीकडे एक सही. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत बँडवाले घरी नसत. आज खंडाळा, उद्या शिराळा. एखाद्या योजनेची मुदत नेमकी त्याच दिवसांत संपे. म्हणून पहिल्याच वर्षी तिने प्रत्येकाकडून दोन-दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. वापरला की नवा. वर मजकूर छापला की अर्ज तयार. सही मजकुरावर येऊ नये म्हणून तिने पट्टीने मोजून जागा ठरवली होती: तळापासून चार सेंटिमीटर. त्या जागी पेन्सिलीने बारीक रेघ मारून द्यायची आणि सही झाली की खोडून टाकायची. बहुतेक सगळ्या हिशेबनिसांकडे अशी एखादी फाइल असते. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

एकतीस दुणे बासष्ट. दोन वर्षांपूर्वी मोजले तेव्हा एकसष्ट भरले होते.

कमी होता तो गुंडाकाकांचा. गुंडाकाका म्हणजे कलाट मोठा. बावीस वर्षं त्यांनी पुढच्या रांगेत क्लॅरिनेट वाजवला. मग एका वर्षात पुढचे चार दात गेले आणि सूर फुटायला लागला. त्यांच्या जागी कीबोर्डवाला आला. बावीस वर्षांनंतर असं काढता येत नाही, म्हणून गुंडाकाका कामगार कार्यालयात जाणार अशी कुजबुज होती. तेवढ्यात भाऊसोंनी एक कागद दाखवला: 'मी वयोमानाने स्वखुशीने काम सोडत आहे.' खाली गुंडाकाकांची सही. क्षमाला तो कागद टेबलावर एक मिनिटभर दिसला. सही तळापासून चार सेंटिमीटरवर होती. फाइल तेव्हा बँडच्या ऑफिसात तिच्या कपाटात असायची आणि त्याची दुसरी किल्ली तिथल्याच खिळ्याला, कधी काही लागलं तर म्हणून. ती तिनेच टांगली होती.

ती तेव्हा काही बोलली नाही. फाइल उचलून घरी आणली, एवढंच. गुंडाकाका दोन वर्षं तिच्या गल्लीतून गेले नव्हते.

दुपारी अडीच वाजता तिने पक्षाच्या अर्जाशेजारी आणखी एक अर्ज छापून ठेवला. असे दोन अर्ज तयार ठेवणारे पुष्कळ असतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. एक पक्षाचा, त्याला एक सूचक पुरत होता आणि तिथे भाऊसोंनी आधीच सही करून ठेवली होती. दुसरा अपक्ष, त्याला गावातल्या मतदारयादीतले पाच सूचक लागत. किराणा दुकानदार म्हणाला, "बाई, मत देतो, सही मागू नका." औषधवाल्यानेही जवळजवळ तेच शब्द वापरले. शेजारच्या बाईंनी नवऱ्याला विचारते म्हणून दार लावलं ते उघडलंच नाही. राजसचं नाव साताऱ्याच्या यादीत होतं. उरले बँडवाले. त्यांतले बहुतेक आसपासच्या वाड्यांवरचे. गावच्या यादीत सहाच जण होते आणि त्यांतला एक भाऊसोंचा पुतण्या.

म्हणजे पाच. गुंडाकाका धरून.

सराव संपवून चौघं चहाच्या टपरीवर बसले होते: ढोलवाला ज्योतिबा, ट्रम्पेटवाला तानाजी, गायिका रेश्मा आणि कीबोर्डवाला साईराज. क्षमाने हिरवी फाइल बाकावर ठेवली आणि ज्याचे त्याला कोरे कागद परत दिले.

"ह्ये काय?" ज्योतिबा म्हणाला. "आमाला काढलं का काय?"

"तुमच्या सह्या आहेत. माझ्याकडे नकोत. घरी नेऊन फाडून टाका."

"चांगला कागद हाय, फाडायचा कशाला? पोरगं चित्रं काढंल."

"सही आहे त्यावर, ज्योतिबा. फाडायचा."

मग तिने अपक्ष अर्ज पुढे केला. ज्योतिबाने लगेच पेन मागितलं. "कुठं करू?"

"आधी वाचा."

"तुमी वाचलंय नव्हं? मग झालं की."

"नाही झालं." तिचा आवाज पुन्हा वर गेला. टपरीवाल्याने मान वळवली. तिने हळू आवाजात सांगितलं की हा भाऊसोंचा अर्ज नाही, त्यांच्याशिवायचा आहे, त्यांना अजून ठाऊक नाही, आणि कळलं तर राग येईल. तो सह्या करणाऱ्यांवरही येईल.

तानाजी ट्रम्पेट उलटा धरून त्यातलं पाणी झटकत होता. ते केव्हाच संपलं होतं.

"भराय निघालाय का नक्की?" रेश्माने विचारलं.

"अजून ठरलं नाही. लागला तर असावा म्हणून."

"लागला तर?" रेश्मा हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हंजी बाई, तुमी 'लागला तर' म्हणायचं आन् आमी तेवढ्यासाठी भाऊसोंच्या डोळ्यावर यायचं? तुमी उद्या तिकडं सही करून गाडीत बसाल. आमी कुठल्या गाडीत बसायचं?"

टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं उमटली होती. क्षमाने ती मोजली. नऊ.

"ए, जास्त बोलू नगंस," ज्योतिबा म्हणाला. "टाळेबंदीत तांदूळ कुणी आणला व्हता?"

"मी न्हाई म्हणत न्हाई. मी इचारतीया."

"बरोबर विचारलंस," क्षमा म्हणाली.

रेश्माने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग अर्ज ओढून घेतला आणि वाचायला लागली. हळूहळू, ओठ हलवत, सगळ्यांना ऐकू येईल असं. सगळं वाचून झाल्यावर तिने सही केली. तिच्यानंतर तिघांनी. साईराजने सही करताना विचारलं, "पाचवा कोण?" आणि विचारताच मान खाली घातली. ज्यांच्या जागेवर तो वाजवत होता त्यांचंच नाव उरलं होतं.

गुंडाकाकांचं घर ओढ्याच्या पलीकडे. ते बाहेर पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. क्षमाला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"बसा," ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्दाला शीळ लागत होती.

ती उभीच राहिली. तिने फाइलीतला त्यांच्या सहीचा उरलेला एक कागद काढून त्यांच्यापुढे धरला. "काका, हा तुमचा. दोन होते."

"ठावं हाय."

"दुसरा माझ्या कपाटातून गेला. तो मजकूर मी लिहिला नाही. पण कागद माझ्याकडचा होता आणि किल्ली मी टांगून ठेवली होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही."

"का?"

दोन वर्षं हा प्रश्न ती स्वतःला विचारत होती आणि उत्तर तयार होतं. ते म्हणताना मात्र कमी पडलं. "भीती वाटली. काम जाईल म्हणून."

"माझं गेलं की," गुंडाकाका म्हणाले. त्यांनी दोन शेंगा फोडल्या. "तुमाला वाटत असंल, मी तुमच्यावर चिडलोय. मी चिडलोय त्या सहीवर. माझीच हाय ना ती. कामगार ऑफिसात सायबानं इचारलं, ही सही तुमची का. मी म्हटलं, व्हय. मग तो म्हणला, मग बोलायचं काय राहिलं? वर कायबी लिवलेलं असू दे, खाली तुमी हाय." त्यांनी कोरा कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. "तुमीच दावली व्हती जागा. रेघ मारून."

"हो."

"आता काय पायजे?"

तिने सांगितलं. राजीनाम्याचं पत्रही दाखवलं. गुंडाकाकांनी घरातून चष्मा आणला आणि ते एक ओळीचं पत्र तीन-चार ओळींचं असल्यासारखं वाचलं. तारखेच्या टिंबांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"तुमाला बी रेघ मारून दिली म्हना की," ते म्हणाले.

"उद्या तीनच्या आत तुमची सही लागेल. नसली तर तो अर्ज बाद."

"मग माझ्याशिवाय तुमचं अडतंय."

"हो."

"बरं वाटलं ऐकून." ते खरंच तसं म्हणाले की टोमणा होता, हे तिला कळलं नाही. "उद्या बघू. आलो तर आलो."

'बघू' हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून कसा लागतो, हे क्षमाला पहिल्यांदा समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला निवडणूक कार्यालयाच्या आवारात गर्दी होती. एका उमेदवाराबरोबर आत चारच माणसं सोडत होते, म्हणून उरलेली लिंबाच्या झाडाखाली ताटकळली होती. भाऊसो नव्या टोपीत आले. त्यांच्याबरोबर गाडीतून हंबीरराव उतरले. उंच, शांत, आवाज न चढवणारे गृहस्थ. एबी फॉर्म त्यांच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये होता.

"झाली सही?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

भाऊसोंनी कपाळाला हात लावला. हंबीररावांनी मात्र मान डोलवली, जणू याचीच अपेक्षा होती. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला वाटतं, हे तुमच्यावर अविश्वास दाखवणं आहे. तसं नाही. मी पण दिलाय असा कागद. माझ्या वरच्यांकडे आहे. अकरा वर्षं झाली."

"तारीख घातली नाही त्यांनी?"

"गरज पडली नाही." ते हसले. "मी पडू दिली नाही."

क्षमाला वाटलं, यापेक्षा स्पष्ट कुणीच सांगितलं नसतं. अकरा वर्षं हा माणूस रोज सकाळी उठून गरज पडू देत नाहीये.

दोन वाजून वीस. बॅगेत दोन्ही अर्ज होते; पक्षाचा वर, अपक्ष खाली. अपक्ष अर्जावर पाचवी जागा रिकामी. गुंडाकाका आले नाहीत तर प्रश्नच मिटला; मग ती सही करेल, आत जाईल, कुणी तिला विचारणार नाही. हे मनात येताच तिला हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटली. गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत विजेचे सहा खांब होते. ती तिसऱ्या खांबाकडे पाहत राहिली.

दोन वाजून एकतीस मिनिटांनी गुंडाकाका त्या खांबापाशी दिसले. चालत येत होते, सावकाश.

"ह्यो कशाला आलाय इथं?" भाऊसो म्हणाले.

गुंडाकाकांनी त्यांना रामराम केला, मग क्षमाकडे हात पुढे केला. "आना कागद."

तिने अपक्ष अर्ज दिला. लिंबाच्या बुंध्याला टेकून, चष्मा पुसून, ते वाचायला लागले. पहिलं पान. क्षमाने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर अर्ध्या मिनिटाला बघितलं. दोन छत्तीस. त्यांनी पान उलटलं, मग एक शंका आल्यासारखं परत पहिल्यावर आले.

"क्षमाताई, काय चाललंय ह्ये?" भाऊसोंचा आवाज आता दबका राहिला नव्हता. "त्यो कुठला कागद? चौदा वर्षं एका टेबलावर बसलोय आपण. तुमच्या वल्लरीच्या बारशाला बँड फुकाट वाजीवलाय मी."

"वाजवलात," ती म्हणाली. "गुंडाकाका पुढे होते."

भाऊसोंनी गुंडाकाकांकडे पाहिलं नाही.

दोन बेचाळीसला गुंडाकाकांनी पेन उघडलं. पाचव्या जागेवर सही केली. मग सहीखाली, जिथे तारखेसाठी रकाना नव्हता तिथे, बारीक अक्षरात त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली; दिवस, महिना, वर्ष. आणि वेळसुद्धा.

"चालंल ना?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

हंबीरराव हे सगळं बघत होते. त्यांनी राजीनाम्याचं पत्र क्षमाकडून मागून घेऊन गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, वर स्वतःचं पेन ठेवलं आणि एबी फॉर्म भाऊसोंच्या हातात दिला. "अजून वेळ आहे, बाई. अपक्ष पडतात. मी पुष्कळ पाहिलेत. सही केलीत तर भाऊसो फॉर्म घेऊन तुमच्याबरोबर आत येतील. नाही केलीत तरी मी रागावणार नाही. फक्त मग आपण ओळखीचे राहणार नाही."

ते शांतपणे गाडीत जाऊन बसले. काच वर गेली.

क्षमाने पेनकडे पाहिलं. ती पेनला हात न लावता आत निघाली. ठरवून नाही, पायऱ्या समोर होत्या आणि घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. भाऊसो पत्र, पेन आणि एबी फॉर्म घेऊन तिच्या मागे आले. "टेबलावर बी करता येईल सही," ते म्हणत होते, "टेबलावर करा, आवं, अजून करा." त्यांच्या मागे गुंडाकाका. आतल्या खोलीत पंखा होता आणि त्याच्या प्रत्येक फेरीला भिंतीवरचं नकाशाचं टोक उचलत होतं. टेबलाशी बसलेल्या कारकुनाने अनामत भरल्याची पावती तपासली, जात पडताळणीचा प्रश्न नाही ना हे विचारलं, शपथपत्राची पानं मोजली. मग तिच्या हातातल्या दोन्ही अर्जांकडे बोट केलं. एका हातात एक, दुसऱ्यात दुसरा. बॅगेतून ते कधी काढले हे तिला आठवत नव्हतं.

"दोन आहेत बाई," तो म्हणाला. "दोन्ही घेऊ? पक्षाच्या अर्जाला एबी फॉर्म लागेल, तीनच्या आत."

"हाय, हाय, हा बघा," भाऊसो मागून पुढे झुकले. एबी फॉर्म त्यांच्या एका हातात, राजीनामा दुसऱ्या हातात. तो त्यांनी टेबलाच्या कडेवर तिच्यापुढे सरकवला. चौदा टिंबं तिच्या बाजूला आली. एबी फॉर्म त्यांनी उलटा धरला होता, आणि क्षमाला त्या क्षणी कळलं की घाबरलेली ती एकटी नाही.

"बोला लवकर," कारकून म्हणाला. "मागे माणसं आहेत. कुठला घेऊ?"

तिने डाव्या हातातला अर्ज घडी करून बॅगेत ठेवला. उजव्या हातातला टेबलावर ठेवला आणि त्याची कड टेबलाच्या कडेला समांतर येईपर्यंत बोटाने सरळ केली. कारकुनाने पेन उचलून तिच्याकडे पाहिलं.

"अपक्ष," क्षमा म्हणाली.